दोन रकान्यांमधल्या स्त्रिया : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे परभणीकर स्वतःच हसत हसत सांगतात. वंचित समाजातल्या स्त्रियांना मोठ्या कंपन्यांत नोकरी कशी मिळते, आणि मिळाल्यावर बढती कुठे अडते, या प्रश्नाचा अभ्यास परभणीतून सुरू करावा असे सुचवले तर वाचकांना तसेच हसू येईल. ते साहजिकही आहे. कंपन्यांची मुख्यालये इथे नाहीत. इथे कृषी विद्यापीठ आहे, बँकांच्या शाखा आहेत, सेलू-मानवतकडे कापसाच्या जिनिंग आहेत, विम्याची कार्यालये आहेत, बचत गटांना कर्ज देणाऱ्या वित्तकंपन्या आहेत. शिवाय रोज रात्री पुण्याकडे सुटणाऱ्या ट्रॅव्हल्स आहेत. जिंतूर, पालम, सोनपेठकडच्या मुली त्याच गाड्यांनी हिंजवडीला आणि खराडीला पोचतात. त्यांतल्या कित्येकींच्या घरात त्यांच्याआधी कुणाच्या हाती पगाराची स्लिप आलेली नसते. कंपनीच्या दारातून आत गेल्यावर त्यांचे पुढे काय होते, हे विचारणारे एक अभ्यासक्षेत्र जगात चांगले रुजले आहे. मराठी वाचकांची त्याच्याशी ओळख व्हावी, म्हणून हे लेखन.

या विषयाची सुरुवात बहुतेक पुस्तके अमेरिकेतून करतात. तिथे कृष्णवर्णीय, लॅटिन आणि आशियाई वंशाच्या स्त्रिया कचेऱ्या-कारखान्यांत येऊ लागल्या, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ‘स्त्रियांची प्रगती’ म्हणून जी मोजली जाते ती बहुतांशी गोऱ्या स्त्रियांची असते आणि ‘कृष्णवर्णीयांची प्रगती’ बहुतांशी पुरुषांची. जनरल मोटर्सच्या सेंट लुईस येथील कारखान्यावरून झालेल्या खटल्यात हे लख्ख दिसले. १९६४ पूर्वी त्या कंपनीने कृष्णवर्णीय स्त्रियांना जवळजवळ घेतलेच नव्हते. सत्तरच्या दशकात मंदी आली, जो शेवटी आला तो आधी बाहेर या सेवाज्येष्ठतेच्या नियमाने कपात झाली, आणि उशिरा घेतलेल्या त्या स्त्रिया एकदमच घरी बसल्या. पाच जणी कोर्टात गेल्या. १९७६ मध्ये न्यायालयाने सांगितले की कंपनी स्त्रियांना नोकरी देतेच आहे, तेव्हा स्त्री म्हणून भेदभाव झालेला नाही. वर्णाची तक्रार असेल तर ती वेगळी मांडावी. दोन्ही जोडून तिसरीच तक्रार तयार करता येणार नाही. नोकरीवर असलेल्या त्या स्त्रिया गोऱ्या होत्या, एवढाच तपशील हिशेबातून सुटला होता. कायद्याच्या अभ्यासक किम्बर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये हा खटला आणि त्यासारखे आणखी काही समोर ठेवून एक लेख लिहिला. वर्ण आणि बाईपण सुटे न करता एकत्र पाहणारी, आज या क्षेत्रात वापरली जाणारी चौकट त्या लेखातून आली आहे.

ही चौकट परकी आहे, आपल्याकडे कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो बाजूला सारू नका. त्याचे अर्धे उत्तर मराठीच्या इतिहासात आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा तिच्या नावातच अमेरिकेतल्या चळवळीची आठवण होती. दोन समाजांतले साम्य पाहण्याची सवय मराठीला शंभराहून अधिक वर्षांची आहे. उरलेले अर्धे उत्तर मात्र परभणीच्या अभ्यासिकांमध्ये सापडते.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कोणत्याही मुलीला समांतर आरक्षण म्हणजे काय ते विचारा. ती वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून दाखवेल. जातीप्रवर्गाचे आरक्षण उभे. स्त्रिया, खेळाडू, माजी सैनिक यांचे आडवे. म्हणून प्रत्येक प्रवर्गाच्या आत पुन्हा स्त्रियांच्या जागा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये महिला धोरण जाहीर केले, शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा आल्या, आणि उभ्या-आडव्याचे हे गणित घराघरांत पोचले. या गणितातून जो वाद निघतो तो सेंट लुईसच्या वादाचा सख्खा भाऊ शोभेल. उत्तर प्रदेशातल्या पोलीस भरतीत इतर मागासवर्गीय प्रवर्गातल्या एका उमेदवार मुलीला २७६.५९ गुण होते. खुल्या प्रवर्गातली निवड झालेली शेवटची मुलगी २७४.८२ वर होती. तरीही पहिलीला जागा नाकारली गेली. युक्तिवाद असा, की खुल्या स्त्री-जागा खुल्या प्रवर्गातल्याच स्त्रियांच्या, आणि तिने आपल्या प्रवर्गात राहावे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सौरव यादव खटल्यात हा युक्तिवाद फेटाळला. खुला प्रवर्ग सर्वांनाच खुला आहे, त्यात कुणाचा जातीचा दाखला आड येऊ नये, असा त्या निकालाचा आशय आहे. स्त्रीच्या रकान्यात जात आड आली आणि जातीच्या रकान्यात स्त्रीला थांबवून ठेवले, हे ज्या मुलीने निकालपत्राच्या यादीत अनुभवले आहे तिला अमेरिकी प्राध्यापकांचा सिद्धांत पहिल्याच वाचनात कळतो. माझ्या मते तिला तो थोडा उशिरा आलेलाही वाटेल.

ग्रामपंचायतीचे उदाहरण तर त्याहून जवळचे. सरपंचपदाची सोडत निघते तेव्हा ‘अनुसूचित जाती महिला’ असा एक स्वतंत्र रकाना असतो. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तो दिला. त्यामुळे गावच्या ओट्यावर जिला बसू दिले गेले नसते अशी बाई खुर्चीवर आली. नवरा कारभार पाहतो, ही तक्रार खरी आहे आणि पुष्कळ ठिकाणी आजही खरी आहे. पण त्या खुर्चीने शिकवलेल्या, पुढच्या वेळी स्वतःच्या बळावर निवडून आलेल्या बायाही आहेत. कंपनी कायदा २०१३ ने शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री सक्तीची केली, तेव्हा मात्र त्या स्त्रीच्या पुढे दुसरा कोणताही शब्द नव्हता. मोठ्या कंपन्या आता आपल्या जबाबदारीचा जो वार्षिक अहवाल देतात त्यात स्त्री कर्मचारी किती, अपंग कर्मचारी किती, हे तक्त्यात येते. कर्मचाऱ्यांच्या जातीचा रकाना त्यात नाही. शासकीय कार्यालयात बिंदुनामावली, म्हणजे आरक्षित जागांची क्रमवार नोंद, असते, म्हणून अनुशेष किती ते मोजता येते आणि मोजता येते म्हणून भांडता येते. खाजगी क्षेत्रात प्रश्न विचारण्याआधी आकडाच मिळवावा लागतो. या विषयातली निम्मी मेहनत तिथे खर्च होते, हे नव्या वाचकांनी आधीच जाणून असावे, म्हणजे मोजक्या संशोधनाचीही किंमत कळते.

ते मोजके संशोधन चांगले आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिराती पाहून खाजगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांत ठेवला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश होती. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले की ‘आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो’ म्हणणारेच मुलाखतीत घरचे वातावरण, वडिलांचा व्यवसाय, भावंडांचे शिक्षण हे अगत्याने विचारतात. परभणीच्या मुलीला हे प्रश्न निरुपद्रवी वाटतात, कारण घरी पाहुणे आले तरी हेच विचारतात. तिसरा अभ्यास २०१२ चा. देशातल्या १००० मोठ्या कंपन्यांच्या ९०५२ संचालकांपैकी सुमारे ९३ टक्के उच्च जातींचे, अनुसूचित जाती-जमातींचे अवघे साडेतीन टक्के, असे त्यात आढळले.

इथे एक थांबा घ्यावा लागेल, कारण हे तिसरे मोजमाप आडनावांवर बरेच विसंबून आहे आणि महाराष्ट्रात आडनाव हा कच्चा पुरावा आहे. पवार, जाधव, गायकवाड, मोरे ही आडनावे किती जातींत आहेत हे मराठी वाचकांना सांगायला नको. त्यात स्त्रीचे आडनाव लग्नानंतर बदलते. कुमुद पावडे यांचा ‘अंतःस्फोट’ १९८१ मध्ये आला. संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या या दलित स्त्रीने त्यात लिहिले आहे की माहेरच्या सोमकुवर या नावाने खेटे घालून जी नोकरी मिळाली नाही ती आंतरजातीय विवाहानंतर पावडे या नावाला मिळाली. पदवी तीच, बुद्धी तीच, पाठांतर तेच. आडनावे मोजणाऱ्या संशोधकाच्या यादीत त्या कुठल्या बाजूला गेल्या असत्या? आकड्यांचा आदर ठेवूनही असे प्रश्न विचारता येतात, आणि ते विचारायला मराठी वाचक विशेष सज्ज आहेत.

पावडे यांच्या पुस्तकाचा उल्लेख मुद्दाम केला. या क्षेत्राकडे येणाऱ्या मराठी माणसाला एक वारसा फुकट मिळतो, त्याकडे लक्ष वेधायचे होते. दलित स्त्रियांची आत्मकथने आपण साहित्य म्हणून वाचली, वेदनेचे दस्तऐवज म्हणून वाचली, अभ्यासक्रमात लावली. कचेरीचा इतिहास म्हणून ती फारशी वाचली गेली नाहीत. तसे वाचून पाहा. शांताबाई कांबळे १९४२ मध्ये शिक्षिका झाल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या पहिल्या दलित शिक्षिका. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ वाचताना गाव कोणते मिळाले, राहायला घर कुणी दिले, पाणी कुठून भरले, एवढेच प्रश्न हाती धरा. बदली आणि निवास यांवर आज जे प्रबंध लिहिले जातात त्यांचा सगळा ऐवज तुमच्यापुढे येईल. ‘जिणं आमुचं’ लिहिणाऱ्या बेबी कांबळे फलटणला छोटे दुकान चालवत आणि दुकानात बसूनच, घरच्यांपासून लपवून, लिहीत. त्यांना उद्योजक म्हणून वाचण्याचे कुणाला सुचत नाही. ऊर्मिला पवार सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होत्या. त्यांच्या ‘आयदान’मध्ये नोकरी, मुले, पुढचे शिक्षण आणि लेखन यांची जी ओढाताण येते तिला आज कंपन्यांच्या परिसंवादांत एक गुळगुळीत नाव मिळाले आहे, पवारांच्या पानांवर ती घाम आणि लोकलच्या गर्दीसकट आहे. पुण्यात अध्यापन करणाऱ्या शर्मिला रेगे यांनी २००६ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या आत्मकथनांना साक्षीचा दर्जा दिला, त्यामुळे जगभरच्या अभ्यासकांना ती खुली झाली. मूळ मात्र आपल्या घरात आहे, आणि त्याची बोली आपल्याला भाषांतराशिवाय कळते.

त्याआधीचा काळ पाहायचा असेल तर ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे १९८९ चे पुस्तक हाताशी ठेवावे. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांची माहिती दोघींनी प्रत्यक्ष भेटून जमवली. जाईबाई चौधरी यांची हकिगत या विषयासाठी लाख मोलाची आहे. त्या नागपूर-कामठीकडे हमाली करत. शिकलेली हमाल बाई पाहून एका मिशनरी भगिनीने त्यांना शाळेत शिक्षिकेची नोकरी दिली. अस्पृश्य बाई शिकवते हे कळताच सवर्ण पालकांनी मुले काढून घेतली आणि नोकरी गेली. नोकरी मिळणे आणि नोकरीवर टिकणे या दोन वेगळ्या लढाया आहेत, हे जगातली पुस्तके अलीकडे सांगू लागली. जाईबाईंनी पुढे स्वतःचीच शाळा काढली, चोखामेळा कन्या पाठशाळा.

आणि २० जुलै १९४२. नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. त्याच महिन्यात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळायला गेले. परिषदेच्या ठरावांत घटस्फोटाचा हक्क होता, बहुपत्नीत्वाला विरोध होता, कामगार स्त्रियांसाठी रजा, अपघाताची भरपाई आणि पेन्शन होती. त्यांतच एक ठराव असा, की स्त्रिया काम करतात तिथे त्यांच्यावर देखरेखीला स्त्रिया नेमाव्यात. परिषदेला हजारो बाया आल्या होत्या. आज ज्याला नेतृत्वातले प्रतिनिधित्व म्हणतात त्याची मागणी मजूर स्त्रियांनी ऐंशी वर्षांपूर्वी मराठी मुलखात लेखी मांडली होती. एवढ्याने थोडा अभिमान वाटला तर तो बाळगायला हरकत नाही.

आता परभणीकडे वळू. मराठवाड्याला वंचितपणाचा आणखी एक थर आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उच्च शिक्षण दूर हैदराबादला आणि तेही उर्दूतून. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा मराठवाड्यातल्या दलित घरांतली पहिली पदवीधर पिढी घडू लागली. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाल्यावर परभणी जिल्ह्यासह मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. त्या वस्त्यांतल्या घरांच्या नाती आता पुण्याच्या कचेऱ्यांत आहेत. तिथे जातीआधी त्यांची बोली पकडली जाते. ‘कुठली गं तू?’ हा प्रश्न येतो, आणि ‘परभणी’ म्हटल्यावर एक हुंकार. काहीजणी महिनाभरात बोलणे बदलतात. काही बैठकीत बोलणेच थांबवतात, मग अप्रेझलमध्ये ‘संवादकौशल्य कमी’ असा शेरा पडतो. जात, जिल्हा आणि बाईपण यांतले नेमके काय त्या शेऱ्यामागे आहे ते सुटे करता येत नाही, आणि सुटे करण्याचा हट्ट धरला की सेंट लुईसच्या न्यायाधीशांच्या वाटेने जावे लागते.

याच जिल्ह्यात काम मोजण्याची चांगली परंपराही आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता वसंतराव नाईकांचे नाव असलेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाच्या अभ्यासकांनी कापूस वेचणी, खुरपणी यांसारख्या कामांत स्त्रियांच्या शरीराला पडणारे श्रम मोजले आणि ते हलके करणारी साधने सुचवली. शेतमजूर बाईच्या कमरेचे दुखणे शास्त्राच्या तक्त्यात आले, ही लहान गोष्ट नाही. तिच्या लेकीला वातानुकूलित खोलीत, तिच्यासारखी दुसरी कुणी नसलेल्या टीममध्ये, दहा तास बसून जे श्रम पडतात त्यांचा तक्ता अजून व्हायचा आहे. आणि जिल्ह्याचा मान सांगायचाच तर गंगाखेड जनाबाईचे. दळण, कांडण, शेण वेचणे या परघरच्या कामांना तिने आपल्या अभंगांत जागा दिली. कामकरी स्त्रीने स्वतःच्या कामाविषयी स्वतः बोलण्याचा दाखला इतका जुना फार थोड्या जिल्ह्यांकडे असेल.

वाचनाला बसताना यशोगाथांपासून सुरुवात करण्याचा मोह होईल. कल्पना सरोज यांची कथा खरोखर थक्क करणारी आहे. अकोला जिल्ह्यातल्या खेड्यातली दलित मुलगी, बालविवाह, मुंबईत शिवणकाम, मग डबघाईला आलेल्या कमानी ट्यूब्जची सूत्रे आणि २०१३ मध्ये पद्मश्री. ती जरूर वाचा, पण थोडी नंतर. आधी वाचली तर बाकीच्या सगळ्या बाया कमी पडल्या असे वाटू लागते. ज्या बाईला बारा वर्षे एकाच पदावर ठेवले गेले तिची हकिगत या विषयाला जास्त शिकवते, आणि ती ऐकायला फार लांब जावे लागत नाही. बँकेत, शाळेत, दवाखान्यात, विमा कार्यालयात तुमच्या ओळखीची कुणी असेल. तिला यशाबद्दल विचारू नका. बढतीची माहिती कुणाला आधी कळते, रेफरल कोण कुणाला देतो, डबा खाताना कोण कुठे बसते, हे विचारा. बचत गटाच्या बैठकीत कर्जदार सगळ्या बाया आणि वसुलीला आलेला सहसा एक तरुण मुलगा, हे दृश्य पाहिले असेल तर त्या वित्तकंपनीत बाया कोणत्या पायरीपर्यंत आहेत याची चौकशी करता येईल.

सर्वात रिकामे शेल्फ मुस्लिम स्त्रीचे आहे. परभणी, पाथरी, जिंतूर या गावांत तिची संख्या मोठी आहे. मराठीत तिच्याविषयी लिहिले गेले ते बहुतांशी तलाक आणि बुरखा या दोन विषयांवर. ती शिक्षिका आहे, परिचारिका आहे, संगणकावर नोंदी करते, दुकानाचा हिशेब ठेवते, याची दखल विरळाच. बंजारा तांड्यातल्या मुलीचेही जवळपास तेच. थोरात-अ‍ॅटवेल यांच्या पाहणीत सर्वात कमी बोलावणी ज्या मुस्लिम नावांना आली त्या नावांच्या स्त्रियांची आत्मकथने आपल्याकडे जवळजवळ नाहीत, त्यामुळे इथे पुस्तकाने काम भागणार नाही. तुम्ही परभणीत वाढला असाल तर इथल्या मुस्लिम घरांत बोलली जाणारी दखनी तुमच्या कानावर आहेच. वही घेऊन बसायला आणि बोलणाऱ्या बाईला तिच्याच बोलीत बोलू द्यायला तेवढे भांडवल पुरते.